डक्टची गळती बुजवणे: पावसात डिफ्यूझर ठिबकतात, खोली थंड पण दमट (पर्वरी, गोवा, ३ टनांचा डक्टेबल एसी)

पर्वरीकर | १८ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. घराची माहिती आधी देतो. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड. हॉल आणि दोन खोल्यांना मिळून ३ टनांचा डक्टेबल एसी. इनडोअर युनिट कॉमन टॉयलेटच्या फॉल्स सीलिंगवर बसवलेलं आहे. डक्ट (गार हवा खोल्यांत नेणारे मार्ग) जीआय पत्र्याचे, एकूण लांबी साधारण २५ मीटर, वरून १९ मिमी काळं नायट्राइल रबर. सहा गोल डिफ्यूझर (सीलिंगमधून खोलीत हवा सोडणारी तोंडं), मानेचा व्यास २०० मिमी. रिटर्नला डक्ट नाही. पॅसेजच्या सीलिंगला ग्रिल आहे, तिथून हवा सीलिंगच्या पोकळीतून युनिटकडे जाते.

तक्रार अशी: जून ते सप्टेंबर डिफ्यूझरच्या कडेने पाणी ठिबकतं, जिप्समवर काळे ठिपके येतात, एसी सुरू केला की पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो. थर्मोस्टॅट २४ दाखवतो, पण बेडरूममध्ये आर्द्रता ७० ते ७२ टक्के. शेवटच्या बेडरूममध्ये हवा नावापुरतीच येते. एकाने ४ टनांचं युनिट लावा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने डक्टवर आणखी एक थर रबर चढवा म्हणून. सांध्यांना टेप मारली तर भागेल का?

दवबिंदू | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

४ टनांचं युनिट घेऊ नका. मोठं युनिट २४ अंशांवर लवकर पोचतं आणि लवकर बंद पडतं, त्यामुळे कॉईलवर पाणी जमून ड्रेनमध्ये उतरायला वेळच मिळत नाही. दमटपणा वाढेल, कमी होणार नाही.

तुमच्या वर्णनात मला खटकलेली गोष्ट वेगळी आहे: रिटर्नला डक्ट नाही. युनिट पोकळीतून हवा ओढतं, म्हणजे सगळी पोकळी ओढीखाली, उणे दाबात असते. चिऱ्याच्या भिंतीला सीलिंगच्या वर बहुतेक ठिकाणी गिलावा केलेला नसतो. चिऱ्यांमधल्या फटी, वायरिंगचे पाइप, एक्झॉस्टचं भोक, प्लंबिंगची शाफ्ट अशा सगळीकडून बाहेरची हवा आत खेचली जाते. आपल्याकडे पावसात ही हवा कशी असते ते आकड्यांत बघा.

३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर किलोला साधारण २१.५ ग्रॅम बाष्प असतं. २४ अंश, ५५ टक्क्यांच्या खोलीत १० ग्रॅमच्या थोडं वर. फरक ११ ग्रॅमचा. रिटर्नच्या बाजूने १०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा बाहेरून येत असेल तर तासाला १९० किलोच्या आसपास हवा होते आणि तिच्याबरोबर दोन लिटरहून जास्त पाणी घरात येतं. एसी दहा तास चालला तर वीस लिटर. ते पाणी काढायला आणि ती हवा गार करायला मिळून जवळपास अर्धा टन खर्ची पडतो. तुमच्या ३ टनांतला अर्धा टन! १०० सीएफएम म्हणजे फार मोठं भगदाड लागतं असं समजू नका. दोन हातांच्या पंजांएवढी फट सगळीकडे मिळून पुरते.

कोरड्या हवेच्या गावात डक्ट गळला म्हणजे गारवा वाया गेला, वीज वाया गेली. गोव्यात गळतीतून ओल आत येते, आणि ओलीतून बुरशी. म्हणून इथे बुजवायला सुरुवात रिटर्नपासून करायची, सप्लाय नंतर.

पत्राकाम | १८ ऑक्टोबर, दुपारी १:२०

ताईंशी सहमत. टेपची खरेदी करण्याआधी गळती कुठे आहे ते बघा. एक अगरबत्ती आणि एक अॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) एवढ्यावर काम होतं.

पंखा पूर्ण वेगात, कॉम्प्रेसर बंद, म्हणजे फॅन मोड. घरातले सीलिंग फॅन आणि एक्झॉस्ट बंद, दारं-खिडक्या बंद. अगरबत्ती सीलिंगमधल्या डाउनलाइटच्या कडेला धरा. धूर वर ओढला गेला तर पोकळी उणे दाबात आहे हे पक्कं. मग टॉयलेटच्या सीलिंगचं झाकण काढा आणि युनिटच्या भोवती फिरवा: कॅनव्हासची (युनिट आणि डक्ट जोडणाऱ्या कापडाची) शिवण, फिल्टरची खाच, सर्व्हिस पॅनेलची कड, रेफ्रिजरंटचे पाइप आत शिरतात ती भोकं. सप्लायच्या बाजूला धूर उडेल, रिटर्नच्या बाजूला आत जाईल.

ड्रेन पाइपचं टोक नहाणी ट्रॅपवर सोडलेलं असेल तर तिथेही धूर धरा. धूर पाइपात ओढला गेला तर ड्रेनला यू-ट्रॅप (पाणी धरून हवा अडवणारं यू आकाराचं वळण) नाही किंवा तो कोरडा पडलाय, आणि युनिट टॉयलेटची हवा ड्रेनमधून ओढतंय. कुबट वासाचं मोठं कारण अनेकदा इथेच सापडतं. यू-ट्रॅप किमान ५० मिमी पाण्याचा हवा आणि एसी बरेच दिवस बंद असताना महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतून भरून ठेवायला हवा.

यानंतर प्रत्येक डिफ्यूझरच्या मानेत हवेचा वेग मोजा. २०० मिमी मानेचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौ.मी. वेग सेकंदाला २.५ मीटर आला तर ०.०३१४ × २.५ × २११९ = साधारण १६६ सीएफएम. डिफ्यूझरची पाकळी काढून मोजा, नाहीतर आकडा फसवा येतो. सहाही आकडे इथे टाका. टनाला ३५० ते ४०० सीएफएम धरतात, म्हणजे तुमच्याकडे १०५० ते १२०० यायला हवेत.

पर्वरीकर | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

केलं. डाउनलाइटला धूर सरळ वर गेला, एका ठिकाणी तर अगरबत्ती पुढे पेटल्यासारखी दिसली. ड्रेनच्या टोकालाही ओढ आहे. कॅनव्हासची खालची शिवण दीड फूट उसवलेली आहे. टॉयलेटचा एक्झॉस्ट फॅन बाहेर न जाता सीलिंगच्या पोकळीतच सोडलेला आहे, हे आज कळलं.

आकडे: १९०, १७५, १६०, १२५, १०५, ६५. एकूण ८२०. शेवटचा ६५ म्हणजे कोपऱ्यातली बेडरूम.

दवबिंदू | १९ ऑक्टोबर, रात्री ९:०५

३०० सीएफएम कमी आहेत, पण सगळा दोष गळतीवर टाकू नका. कॉईल मळली असेल, ब्लोअरच्या पात्यांवर धूळ बसली असेल तरी हवा कमी होते. आधी फिल्टर आणि कॉईल धुऊन घ्या, मग पुन्हा मोजा. तो फरक वेगळा लिहून ठेवा.

टॉयलेटच्या एक्झॉस्टचं काम मात्र आजच्या आज. तो फॅन ओली हवा पोकळीत सोडतो आणि युनिट तीच हवा ओढून बेडरूमला देतं. ४ इंची पाइप भिंतीतून बाहेर काढा, बाहेर हवा उलट आत न येऊ देणारं झडपेचं कव्हर लावा, पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या.

घरात गॅस गीझर असेल तर तो बंद बाथरूममध्ये कधीही चालवू नका. जिथे एसी आणि एक्झॉस्ट मिळून घरातली हवा खेचतात तिथे गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी परत आत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गीझर बाहेरच्या मोकळ्या जागेत हवा.

फोंडेकर | २० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

पण ठिबकण्याचं मूळ तर इन्सुलेशन कमी पडण्यात आहे ना? १९ मिमी रबर आपल्या पावसाला पुरत नाही. ३२ मिमी केलं की प्रश्न मिटला, गळती शोधत कशाला बसायचं?

दवबिंदू | २० ऑक्टोबर, सकाळी ९:३०

फोंडेकर, तुमचं अर्ध बरोबर आहे. हिशेब मांडते. डक्टमध्ये १३ अंशांची हवा, बाहेर ३० अंश. १९ मिमी नायट्राइलच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २७ अंश येतं. ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी व्हायला लागतं) २६.२, म्हणजे रबर कोरडं राहतं. ८५ टक्क्यांना दवबिंदू २७.२, म्हणजे घाम फुटतो. २५ मिमी केलं तर पृष्ठभाग २७.६ च्या आसपास जातो आणि ८५ टक्क्यांपर्यंत निभावतं. ९० टक्क्यांना दवबिंदू २८.२, तिथे ३२ मिमीसुद्धा काठावर आहे.

म्हणजे जाडी वाढवत गेलं तरी पोकळीतली आर्द्रता ९० वर असेपर्यंत आपण काठावरच उभे. गळती बंद करून पोकळीची आर्द्रता ७० वर आणली तर दवबिंदू २४ पर्यंत उतरतो आणि आहे ते १९ मिमी आरामात पुरतं. जाडीआधी गळती, एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक. चकचकीत अॅल्युमिनियम फॉइलचं कव्हर वरून लावलं तर पृष्ठभाग आणखी गार होतो, कारण चकचकीत पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता कमी घेतो. तेवढ्याच जाडीत काळं रबर उघडं ठेवलेलं घामाच्या दृष्टीने बरं. दिसायला सुंदर म्हणून फॉइल गुंडाळतात आणि मग ठिबकतं.

पत्राकाम | २० ऑक्टोबर, दुपारी ३:००

आता प्रत्यक्ष काम. ऑक्टोबरची उष्णता आहे, हवा कोरडी होत चालली आहे. सीलंट सुकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलैत हे काम करू नका, पाण्यावर आधारलेला लेप (मॅस्टिक) सुकतच नाही.

सामान तुमच्या घराला: डक्टचा सांधा दर ४ फुटांना, म्हणजे २५ मीटरला साधारण २० सांधे. डक्ट ४०० × २५० मिमी असेल तर एका सांध्याचा घेर १.३ मीटर, एकूण २६ मीटर. सहा फांद्यांच्या कॉलरला ४ मीटर, सहा डिफ्यूझरच्या पेट्यांना ७, युनिटच्या प्लेनमला (तोंडाशी असलेल्या पेटीला) ६. बेरीज ४३ मीटर. ७५ मिमी रुंद पट्टा दीड मिमी जाडीने लावला तर एका लिटरमध्ये ९ मीटर होतात. म्हणजे पाच लिटर, वाया जाणारं धरून सहा. वजनात ८ किलो घ्या. फायबरग्लासच्या जाळीची टेप एक रोल, ७२ मिमी अॅल्युमिनियम फॉइल टेप दोन रोल, नायट्राइल टेप ५० मिमीची, रबर चिकटवायचा ॲडहेसिव्ह, ताठ केसांचा २ इंची ब्रश, स्टीलचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू, हातमोजे, एन-९५ मास्क.

क्रम लक्षात ठेवा: युनिटच्या जवळून सुरुवात, टोकाकडे शेवट. पंख्याजवळ दाब सगळ्यात जास्त, म्हणून तिथली एक इंच फट टोकाच्या तीन इंचांएवढी गळते.

मेन स्विच बंद. सांध्यावरचं रबर दोन्ही बाजूंना १५० मिमी कापून उलटवा, फेकू नका. आत पत्रा ओला असेल तर तिथलं रबर बदलायचंच, ओल्या रबराला परत चिकटवून काही साधत नाही. नव्या जीआय पत्र्यावर कारखान्याचं तेल असतं आणि जुन्यावर धूळ, त्यामुळे थिनरने भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि सुकू द्या. सीलंट चिकटत नाही अशी तक्रार येते तिथे दहापैकी नऊ वेळा पत्रा पुसलेला नसतो. थिनर वापरताना खिडकी उघडी, जवळ ठिणगी नको.

सांधा हलत असेल तर आधी स्क्रू मारून घट्ट करा. हलणाऱ्या सांध्यावरचा लेप पहिल्याच पंख्याच्या धक्क्याला तडकतो. फ्लॅन्जचे सांधे असतील तर चारही कोपरे खास बघा. गॅस्केट सरळ बाजूला असते, कोपऱ्यात तुटलेली असते, आणि गळती तिथूनच होते. फट ३ मिमीपेक्षा कमी असेल तर नुसता लेप. ३ ते ६ मिमी असेल तर लेपाचा पातळ थर, त्यात जाळी दाबून बसवायची, वर दुसरा थर, जाळीचे दोरे दिसता कामा नयेत. त्याहून मोठी फट नुसत्या लेपाने भरू नका. पत्र्याचा तुकडा कापून स्क्रूने बसवा आणि कडा लेपाने बंद करा. लेप सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी पसरला पाहिजे आणि दीड ते दोन मिमी जाड हवा. नखाने दाबला तर ठसा उमटेल इतका. रंग मारल्यासारखा फिकट दिसला तर तो पातळ आहे.

दोन चुका फार महागात पडतात. एक, डॅम्परच्या (हवा कमी-जास्त करायच्या झडपेच्या) दांडीवर, फिल्टरच्या दारावर आणि ड्रेन ट्रेच्या कडेला लेप लावणे. नंतर ते उघडत नाही. दुसरी, लेप ओला असताना एसी चालू करणे. पत्रा गार झाला की लेपाखाली दव धरतं आणि तो सालासारखा निघतो. ब्रँडच्या डब्यावर २४ तास लिहिलं असलं तरी आपल्या हवेत ४८ तास एसी बंद ठेवा. पंखा चालवायला हरकत नाही, पण पहिले काही तास तोही नको.

मग पुन्हा अगरबत्ती. गळत नसेल तरच रबर परत लावा: ॲडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांना, बोटाला चिकटेना इतपत सुकू द्या, मग एकदाच दाबून बसवा. कडा एकमेकींना थोड्या रेटून भिडवा आणि वर नायट्राइल टेप, न ताणता. ताणलेली टेप आठवड्याभरात आखडते आणि फट उघडी पडते. रबराच्या सांध्यातून दमट हवा आत गेली तर पत्र्यावर पाणी धरणार. बाहेरची ती शेवटची टेपसुद्धा गळती बुजवण्यातच मोजायची.

कांदोळी_खारा_वारा | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

समुद्राकाठच्या घरांसाठी भर. जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर मिठाच्या हवेत लवकर जातो. पांढरी पूड दिसली तर जस्त झिजतंय, तांबूस दिसलं तर पत्रा खायला लागलाय. तांबूस भागावर लेप लावून उपयोग नाही, गंज लेपाखाली पसरतो. घासून झिंकचा प्रायमर लावा, भोक पडलं असेल तर तो तुकडाच बदला.

स्क्रू एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे, किनाऱ्यालगत असाल तर ३१६ चे. साध्या झिंकच्या स्क्रूचं डोकं एक-दोन पावसाळ्यांत फुगतं.

आणि साइटवर सगळे सिलिकॉनची नळी घेऊन येतात, तिथे थांबवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि जस्त खातं. वापरायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं, तेही कमी लांबीच्या जागी. पाइप जिथे युनिटमध्ये शिरतात तिथे ते बरं पडतं. पीओपी किंवा व्हाइट सिमेंटने फट भरणं तर अजिबात नको. पत्रा गार-गरम होऊन हलतो, पीओपी हलत नाही, पहिल्या पावसात तडा जातो.

मडगावचा_विद्यार्थी | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

सगळीकडे "डक्ट टेप" म्हणून जी कापडी करडी टेप मिळते ती का चालत नाही? नावच डक्ट टेप आहे.

पत्राकाम | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:००

नावावर जाऊ नका. त्या टेपचा गोंद रबराचा असतो, गरम-थंड होऊन तो वाळतो आणि कापड सुटतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये वेगवेगळ्या टेपा आणि लेप डक्टवर लावून, गरम-थंड करून ते किती टिकतात ते बघितलं. कापडी डक्ट टेप त्यात नापास झाली आणि मॅस्टिक टिकलं. त्याच प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात डक्टमध्ये सीलंटचे बारीक कण फवारून आतून फटी बुजवायची पद्धत निघाली. ती फक्त बारीक भेगांना चालते, १५ मिमीच्या वरच्या भोकाला नाही, आणि उसवलेल्या कॅनव्हासला तर नाहीच.

फॉइल टेप घेताना मागच्या कागदावर यूएल १८१ (डक्टसाठीचं अमेरिकन सुरक्षा मानक) छापलेलं आहे का बघा. ती पत्र्याच्या सपाट भागावर, कोरड्या पृष्ठभागावर, प्लॅस्टिकच्या पट्टीने जोरात घासून बसवायची. वळणावर आणि फ्लॅन्जवर तिच्या सुरकुत्या पडतात आणि सुरकुत्यांतून हवा जाते. माझं मत: सांध्यांना मॅस्टिक, झाकणांना टेप.

मडगावचा_विद्यार्थी | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

आणि फ्लेक्सिबल डक्टला? आमच्या इमारतीत प्रत्येक डिफ्यूझरला शेवटचे दोन मीटर फ्लेक्स आहे.

पत्राकाम | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

फ्लेक्समध्ये तीन थर असतात: आतली नळी, मधलं इन्सुलेशन, बाहेरची वाफ अडवणारी पिशवी. आतली नळी कॉलरवर किमान ५० मिमी चढवायची, कॉलरला आधी मॅस्टिक लावून, वर नायलॉनचा पट्टा हत्याराने आवळून. मग इन्सुलेशन पुढे ओढून घ्यायचं, आणि बाहेरची पिशवी वेगळी टेपने बंद करायची. बहुतेक ठिकाणी फक्त बाहेरची पिशवी बांधलेली दिसते आणि आतली नळी कॉलरवर लोंबत असते. मग थंड हवा इन्सुलेशनमध्ये भरते आणि पिशवी फुग्यासारखी फुगते. हात लावला तर ओली.

फ्लेक्स पूर्ण ताणून लावा, उरलेलं कापून टाका. दर १.२ मीटरला रुंद पट्टीचा आधार, मीटरमागे ४० मिमीपेक्षा जास्त झोळ नको, वळणाची त्रिज्या निदान डक्टच्या व्यासाएवढी. चिमटलेल्या फ्लेक्समधून हवा येत नाही आणि दोष गळतीला दिला जातो.

श्वास | २१ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

आजवरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली. बुरशी धरलेल्या जागेवर लेप किंवा रंग लावून ती झाकू नका. जिप्समवरचे काळे ठिपके पृष्ठभागापुरते असतील तर साबणाच्या पाण्याने पुसून सुकवता येतात. बोट दाबून जिप्सम मऊ लागला तर तेवढा तुकडा कापून बदला. डक्टच्या आतून काचेच्या लोकरीचं अस्तर असेल आणि ते ओलं झालं असेल तर ते धुऊन साफ होत नाही, काढावंच लागतं. काम करताना खोलीतल्या माणसांना, विशेषतः दमा असलेल्यांना, बाहेर पाठवा. डिफ्यूझरना प्लॅस्टिक चिकटवा, नाहीतर सगळी धूळ अंथरुणावर.

पोकळीतून हवा ओढली जाते तिथे काय काय असतं याचा विचार करा: जिप्समची पूड, पालींची विष्ठा, झुरळं, उंदरांचा वावर, शेडच्या पत्र्याखालची धूळ. ग्रिलला कितीही चांगला फिल्टर लावा, पोकळीतून येणारी हवा त्या फिल्टरला वळसा घालून जाते. तुमच्या घरात फिल्टर सीलिंगच्या ग्रिलला आहे की युनिटला? ग्रिलला असेल तर आज तो जवळपास शोभेचाच आहे.

पर्वरीकर | २१ ऑक्टोबर, रात्री ९:२०

ग्रिलला आहे. युनिटला नाही. म्हणजे रिटर्नचा डक्ट बनवणं टळत नाही असं दिसतं. पॅसेजची ग्रिल ते युनिट अंतर २.८ मीटर. कसा बनवू? आणि एक शंका: सगळं बंद केलं तर घरात ताजी हवा कुठून येणार? गळतीतून निदान ती तरी येत होती.

दवबिंदू | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

शंका रास्त आहे. गळतीतून येणारी हवा आणि मुद्दाम घेतलेली हवा यांत पाण्याचं प्रमाण सारखंच, ते मान्य. पण गळतीची हवा पोकळीतली घाण घेऊन येते, फिल्टर चुकवते, आणि किती येईल ते पंख्याच्या वेगावर ठरतं, घरात माणसं किती आहेत त्यावर नाही. मुद्दाम घ्यायची तर रिटर्न प्लेनमला ४ किंवा ५ इंची पाइप, बाहेरच्या टोकाला डासांची जाळी आणि पावसाची टोपी, मध्ये फिल्टर आणि डॅम्पर. ॲश्रेच्या (एसी आणि वायुवीजनाच्या अभियंत्यांची अमेरिकन संस्था) ६२.२ मानकाचं सूत्र असं: दर चौ.मी.ला सेकंदाला ०.१५ लिटर, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून दर एकास ३.५ लिटर. घर १५० चौ.मी. आणि ३ बेडरूम असेल तर ३६.५ लिटर, म्हणजे ७७ सीएफएम. पावसाळ्यात, घरात कोणी नसताना, डॅम्पर बंद.

थर्मोस्टॅटचा पंखा "ऑटो"वर ठेवा, "ऑन"वर नको. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा चालू राहिला की कॉईलवर लटकलेलं पाणी परत खोलीत उडतं. काही घरांत गळती नसतानाही आर्द्रता ७० ला अडकते ती याच कारणाने.

पत्राकाम | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

रिटर्नचं माप आधी हवेवरून काढा. १२०० सीएफएम, ग्रिलवर मिनिटाला ३५० फूट वेग धरला तर साडेतीन चौ.फूट ग्रिल लागते. पॅसेजची ग्रिल २ × २ फूट असेल तर चालेल, १८ × १८ इंच असेल तर बदला. हे महत्त्वाचं आहे, कारण आज युनिटला पोकळीच्या शंभर फटींतून हवा मिळते. त्या बंद केल्या आणि ग्रिल अरुंद राहिली तर हवा कमी पडेल, कॉईलवर बर्फ धरेल आणि मग लोक म्हणतात की सील केल्याने एसी बिघडला.

२४ गेज जीआयची पेटी करा, ६०० × ४०० मिमी, ग्रिलच्या जागी खाली उघडी. पेटीची कड जिप्समच्या कापावर नाही, तर वरच्या स्लॅबमधून सोडलेल्या थ्रेडेड रॉडवर टांगा, जिप्समला भार नको. पेटी आणि जिप्सममधली फट लेप आणि जाळीने बंद. युनिटकडच्या टोकाला नवा कॅनव्हास, १०० ते १५० मिमी सैल, दोन्ही कडा पत्र्याच्या पट्टीने स्क्रूखाली दाबून. कॅनव्हासला सुई-दोरा करू नका, सुईच्या प्रत्येक भोकातून हवा जाते. रिटर्नच्या पेटीला बाहेरून १३ मिमी रबर पुरे, तिच्यातली हवा २४ अंशांची आहे.

डिफ्यूझरच्या पेट्यांचा मागचा भाग बहुतेक उघडा पत्रा असतो, तुमचं ठिबकणं तिथलंच असणार. पाकळी काढून वर हात घाला. पत्रा हाताला गार आणि ओला लागला तर पेटीला पूर्ण १९ मिमी रबर चढवा आणि पेटी व जिप्सममधली फट लेपाने बंद करा.

पर्वरीकर | ४ नोव्हेंबर, रात्री ८:००

काम झालं. कॉईल धुतल्यावरच हवा ८२० वरून ८९० झाली होती. सील करून, रिटर्नची पेटी लावून, एक्झॉस्ट बाहेर काढून ११४०. शेवटच्या बेडरूममध्ये ६५ चे १४५. डाउनलाइटला आता धूर स्थिर उभा राहतो. लेप सहा लिटरपैकी साडेपाच लागला. आर्द्रता ५६ ते ५८, पण बाहेरची हवाही आता कोरडी आहे, म्हणून यावर फार भर देत नाही.

दवबिंदू | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

बरोबर केलंत, नोव्हेंबरचा आकडा पावसाळ्याशी ताडू नका. सीलिंगच्या पोकळीत एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा आकडा इथे टाका. पोकळी आता युनिटच्या ओढीत नाही, पण चिऱ्यांच्या फटी उघड्याच आहेत, त्यामुळे तिथे बाहेरच्याइतकीच ओल असू शकते. ८५ च्या वर गेली तर युनिटजवळच्या पहिल्या तीन मीटर सप्लाय डक्टला २५ मिमी रबर करा. तिथे हवा सगळ्यात गार असते.

पत्राकाम | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

आणि यू-ट्रॅप भरला का?

पर्वरीकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ट्रॅप नवा बसवला, ६० मिमीचा, पाणी भरलं. ड्रेनच्या टोकाला आता धूर ओढला जात नाही.